आधी खुर्ची ठरवा, मग लेन्स, कॅमेरा शेवटी

प्रश्न : नमस्कार. मी कळव्याला राहते, नोकरी ऐरोलीला. संध्याकाळी आम्ही आठ-दहा हौशी मंडळी ठाण्यात तालमीला जमतो, एकांकिका करतो. स्पर्धा संपली की सेट मोडतो आणि मागे उरतात ते कुणीतरी मोबाइलवर घेतलेले दोन-तीन मिनिटांचे तुकडे, त्यातही चेहरे पांढरेफटक. यंदा वर्गणी काढून ८० हजार रुपये जमवलेत. त्यात व्हिडिओसाठी कॅमेरा आणि लेन्स घ्यायची आहे. प्रयोग पूर्ण चित्रित करायचे, पुढे जमलं तर एखाद-दुसरी शॉर्ट फिल्मही. माझा मामेभाऊ लग्नाचे व्हिडिओ करतो. तो म्हणतो, नाट्यगृहात अंधार असतो, मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम कॅमेराच घे. दुकानदार एक डीएसएलआर देतोय, त्यावर दोन लेन्स, बॅग आणि ट्रायपॉड फुकट. ग्रुपमधला एक जण म्हणतो, मोबाइल पुरे. कुणाचं ऐकू?
— एक नाट्यवेडी, कळवा

उत्तर : तुमच्या पत्रातले दोन शब्द मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले : चेहरे पांढरेफटक. कॅमेऱ्याला पुरणार नाही इतका अंधार असता, तर चेहरे काळे आले असते. ते पांढरे आले, म्हणजे रंगमंचावर उजेड भरपूर होता. मोबाइलने मागचे काळे पडदे, पुढच्या रांगांतली डोकी, चौकटीतला सगळा काळोख धरून सरासरी काढली, अंधार फार आहे असं ठरवलं आणि चित्र उजळवलं. त्यात झोतात उभ्या असलेल्या नटाचा चेहरा जळून गेला. हा दोष ऑटोवर सोडण्याचा आहे. महागडा फुल फ्रेम कॅमेराही ऑटोवर ठेवलात तर हेच करू शकतो.

मामेभावाचं म्हणणं त्याच्या कामापुरतं बरोबर आहे. रात्रीच्या लॉनवर, रिसेप्शनच्या गर्दीत त्याला खरोखरच मोठा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) उपयोगी पडत असणार. शिवाय लग्नात फोटोही काढायचे असतात आणि हलत्या माणसाचा फोटो गोठवायला शटर (उजेड आत येण्याचा वेळ) १/२०० सेकंद किंवा त्याहून वेगवान लागतं. व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की त्याच दिव्यांत प्रत्येक फ्रेमला चौपट उजेड मिळतो. नेहमीच्या उजळ प्रवेशात एफ/४.५ ॲपर्चर (लेन्सचं भोक; आकडा लहान तितका उजेड जास्त), १/५० शटर आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८०० ते १६०० एवढ्यात चेहरा नीट येतो. निळ्या रात्रीच्या प्रवेशाला ३२०० लागेल. फुल फ्रेमहून लहान अशा एपीएस-सी सेन्सरचे आजचे कॅमेरे एवढं सहज पेलतात. फुल फ्रेमच्या लेन्सही फुल फ्रेमच्याच भावात येतात. तुमचे ८० हजार बॉडीतच संपतील आणि मग पुढे लावायला लेन्स उरणार नाही.

तेव्हा कॅमेऱ्याचं नाव बाजूला ठेवा आणि एक वेगळा प्रश्न स्वतःला विचारा : प्रयोगाच्या दिवशी ट्रायपॉड कुठे उभा राहणार आहे?

हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण लेन्स याच उत्तरातून ठरते. हिशोब सोपा आहे. सेन्सरची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला रंगमंचापर्यंतच्या अंतराने गुणा आणि रंगमंचाच्या रुंदीने भागा. उत्तर येतं ते लेन्सचे मिलिमीटर. सोनी आणि निकॉनच्या एपीएस-सी सेन्सरची रुंदी २३.५ मिमी, कॅननची साधारण २२.३, पॅनासोनिकच्या मायक्रो फोर थर्ड्सची १७.३, फुल फ्रेमची ३६.

समजा रंगमंचाचा तुम्हाला हवा तो भाग १० मीटर रुंद आहे आणि तुम्ही १२ मीटरवर, म्हणजे मधल्या रांगांच्या आसपास आहात. २३.५ गुणिले १२ भागिले १० म्हणजे साधारण २८ मिमी. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १६-५० मिमीच्या साध्या किट लेन्सच्या मधोमध बसणारा आकडा. पण गडकरी रंगायतनसारख्या मोठ्या नाट्यगृहात मधल्या रांगेत ट्रायपॉड रोवायचा म्हणजे मागच्यांचं दिसणं अडतं, आणि जाण्यायेण्याची वाट तर मोकळीच ठेवायला हवी. बहुधा तुम्हाला शेवटच्या रांगेमागे, प्रकाश आणि ध्वनीवाल्यांच्या शेजारी जागा मिळेल. ती २० मीटरवर असली तर तोच हिशोब ४७ मिमी देतो. किट लेन्सचं हे शेवटचं टोक, तिथे तिचं ॲपर्चर एफ/५.६वर येतं. इथे ५० मिमी एफ/१.८ ही एकच लेन्स जवळजवळ पूर्ण रंगमंच धरते, आणि अंधाऱ्या प्रवेशासाठी तीन स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उजेड हातात राहतो. उलट घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरसारख्या छोट्या जागेत तीच ५० मिमी लावलीत तर अर्धी पात्रं चौकटीबाहेर जातील.

म्हणून आधी जागा बघून या. नाट्यगृह रिकामं असताना मागे उभे राहा आणि पावलं मोजत रंगमंचापर्यंत जा. ठाण्यातल्या दोन आणि वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाची अशी मोजमापं वहीत टिपून ठेवलीत तर पुढची सगळी खरेदी सोपी होईल.

आता क्लोज-अप. तुम्ही मोठ्या पडद्यावर दाखवणार नाही आहात, लोक मोबाइलवर आणि टीव्हीवर पाहणार. तेव्हा चित्रण ४केमध्ये करा आणि शेवटचा व्हिडिओ फुल एचडीमध्ये काढा. ४केची रुंदी ३८४० पिक्सेल, फुल एचडीची १९२०. म्हणजे संकलनात चौकट अर्ध्यापर्यंत कापली तरी चित्र फुटत नाही. बारा मीटरवरून ५० मिमी लेन्सने साडेपाच मीटर रुंदी येते, कापून पावणेतीन मीटर. दोन पात्रांचा संवाद त्यात छान मावतो. जागा शेवटच्या रांगेमागेच मिळणार असेल तर मात्र क्लोज-अपला ५० मिमी पुरणार नाही. तिथे ५५-२१० मिमीसारखी लांब झूम घ्या. तिचं ॲपर्चर एफ/४.५ ते ६.३ आहे, आयएसओ थोडा चढेल, चालेल.

एवढं ठरल्यावर कॅमेऱ्याचं ठरवणं फार अवघड राहत नाही. तुमच्या रकमेत माझी पसंती वापरलेल्या सोनी झेडव्ही-ई१०ला. हा २०२१चा कॅमेरा. २०२४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, त्यामुळे पहिली आता सेकंडहँड बाजारात मिळते. मला त्यातल्या तीन गोष्टी तुमच्यासाठी मोलाच्या वाटतात. एक, रेकॉर्डिंगला वेळेची मर्यादा नाही. दोन, यूएसबी-सीमधून पॉवर बँक जोडून तो चालवता येतो. त्याची बॅटरी लहान आहे, एकांकिका ऐन रंगात असताना ती संपली तर उपाय नाही. तीन, त्याच्या ई-माउंटला (लेन्स बसवायच्या सोनीच्या जोडणीला) स्वस्त आणि वापरलेल्या लेन्स भरपूर मिळतात.

त्याच्या उणिवाही ऐका. बॉडीत थरथराट सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही. ४केमध्ये कॅमेरा झर्रकन वळवला तर उभ्या रेषा तिरक्या होतात. हातात धरून धावपळ करायची असती तर मी हा सुचवला नसता. नाटकाला कॅमेरा ट्रायपॉडवर असतो, वळवायचा तो सावकाश, तिथे या दोन्ही गोष्टी आड येत नाहीत. लॉग प्रोफाइलच्या (चित्र फिकं घेऊन रंग नंतर संकलनात चढवायच्या पद्धतीच्या) नादी लागू नका. हा कॅमेरा ८-बिट आहे, म्हणजे रंगांच्या छटा मोजक्याच नोंदवतो. रंगमंचावरच्या धुरातून उतरणाऱ्या झोताचा हळुवार उतार लॉगमध्ये घेऊन नंतर ताणलात की त्याच्या पट्ट्या पडतात. साधं प्रोफाइल ठेवा आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) जागेवरच नीट करा.

नवाच घ्यायचा आग्रह असेल तर कॅनन आर५० किंवा निकॉन झेड३० हे दोन्ही चांगले आहेत. दोन्ही ४केमध्ये सेकंदाला ३० फ्रेम चित्राच्या कडा न कापता देतात. आर५०ची एका वेळची मर्यादा एक तासाची आहे, एकांकिकेला ती पुरते, दोन अंकी नाटकाला अंकागणिक बंद-चालू करावा लागेल. पण नवी बॉडी घेतल्यावर लेन्स आणि आवाजासाठी हातात फार थोडे पैसे राहतील, म्हणून मी पुन्हा सेकंडहँडकडेच वळेन.

दुकानदाराच्या डीएसएलआरबद्दल एवढंच. या किमतीतल्या बहुतेक डीएसएलआरमध्ये व्हिडिओ २९ मिनिटं ५९ सेकंदांवर आपोआप थांबतो. युरोपात ३० मिनिटं किंवा त्याहून जास्त चित्रण करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा मानून जास्तीची आयात ड्यूटी लागत असे, ती टाळायला कंपन्यांनी ही मर्यादा घातली. तुमची एकांकिका चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची असली तर शेवटचा कळस चुकणार. फुकटचा ट्रायपॉडही घेऊ नका. हलका, प्लास्टिकच्या डोक्याचा ट्रायपॉड नाट्यगृहाच्या लाकडी जमिनीवर कुणी शेजारून चाललं तरी थरथरतो आणि ५० मिमीला तो थरथराट पडद्यावर स्पष्ट दिसतो. जरा जड पायांचा, संथ वळणाऱ्या फ्लुइड हेडवाला घ्या. तो पुढचे दोन-तीन कॅमेरे बदलले तरी तुमच्याकडे राहील.

सेटिंगचं थोडं सविस्तर लिहितो, कारण पैसे न खर्चता सगळ्यात मोठा फरक इथे पडतो.

कॅमेऱ्याच्या मेनूत पाल (PAL, २५ फ्रेमची पद्धत) निवडा आणि २५ फ्रेम, १/५० शटर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट आणि बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. ३० फ्रेमला १/६० ठेवलंत तर चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. झेडव्ही-ई१०मध्ये याचा आणखी एक फायदा : ३० फ्रेमला ४के चित्र सव्वापटीच्या आसपास कापलं जातं, २५ला पूर्ण सेन्सर वापरला जातो. मघाचा मिलिमीटरचा हिशोबही २५लाच बरोबर उतरेल. एलईडी पार दिवे (रंगमंचावरचे झोताचे दिवे) मंद केले की कधीकधी वेगळीच लुकलुक येते. ती रंगीत तालमीतच तपासा. प्रकाशयोजना करणाऱ्याला सांगितलंत तर तो तेवढा दिवा थोडा वर ठेवू शकतो.

एक्स्पोजर हाती ठेवा. सगळ्यात उजळ प्रवेशावर झेब्रा (फार उजळ भागावर तिरके पट्टे दाखवणारी सोय) लावून बघा, पांढऱ्या झब्ब्यावर पट्टे उमटू लागले की थोडं खाली या आणि तिथेच थांबा. मंद प्रवेश मंदच दिसू द्या. फारच काळोख असला तर मधल्या ब्लॅकआउटमध्ये आयएसओ एखाद-दुसऱ्या टप्प्याने चढवा. फोकसही हाती. २८ मिमी, एफ/४ला बारा मीटरवर फोकस लावलात तर साडेपाच मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट राहतं, नट मागे-पुढे गेला तरी चाकाला हात लावायची गरज नाही. ऑटोफोकसवर सोडलंत तर ब्लॅकआउटमध्ये तो चाचपडत बसतो आणि दिवे आल्यावर पहिलं वाक्य धूसर जातं.

आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सेटिंग) एका आकड्यावर बांधा. जुन्या हॅलोजन दिव्यांना ३२०० केल्विन, एलईडी असतील तर तालमीत चेहरा बघून ठरवा. याबद्दल मला फार तळमळीने सांगावंसं वाटतं. प्रकाशयोजनाकार रात्र जागून निळी पहाट उभी करतो, ती हळूहळू पिवळी होत जाते, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स ती सगळी मेहनत पुसून पांढरी करत राहतो. त्याच्या कामाची व्हिडिओत दुसरी कोणतीच खूण उरत नाही.

आवाजाबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, तरी त्यासाठी पैसे बाजूला काढाच. एकांकिका शब्दांवर उभी असते. कॅमेऱ्यावर लावलेला माइक शेवटच्या रांगेमागे एसीची घरघर, शेजारच्याचं खोकणं आणि वेफर्सची पिशवी टिपतो. एक छोटा वेगळा रेकॉर्डर घ्या. ध्वनीवाल्याकडे मिक्सरमधून लाइन मिळाली तर उत्तम, तोंडी विनंती आणि योग्य वायर एवढंच लागतं. नाही तर रेकॉर्डर रंगमंचाच्या पुढच्या कडेला, पायांचा दणका बसू नये म्हणून फोमच्या तुकड्यावर ठेवा. दोन्हीकडचा आवाज जुळवायला तिसरी घंटा कामाला येते : कॅमेरा आणि रेकॉर्डर तिच्याआधी सुरू करा, संकलनात दोन्ही ट्रॅकवर तिचा उंचवटा दिसतो, तो एकाखाली एक आणा. आवाजाला वीस मीटर यायला सेकंदाचा सतरावा भाग लागतो, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत जवळजवळ दीड फ्रेम. तेव्हा घंटा जुळवल्यावर रेकॉर्डरचा ट्रॅक एक फ्रेम आधी सरकवून ओठ तपासा. पाऊण तासात दोन यंत्रांची घड्याळं किंचित पुढेमागे होतात, शेवटाकडे पुन्हा एकदा बघा.

खरेदीला फोर्टातल्या बोरा बाजारात जा. सीएसएमटीला उतरलं की चालत पोचता येतं. एकट्या जाऊ नका, ग्रुपमधल्या कुणाला तरी सोबत घ्या आणि घाई नसलेला दिवस निवडा. वापरलेली बॉडी हाती आली की स्वतःचं कार्ड घालून ४केमध्ये निदान अर्धा तास सलग चालवा. मेनूत तापमानाची मर्यादा 'हाय' करायची सोय आहे, ती लावूनच. माइकचं भोक, कार्डाचं दार, यूएसबीचा पोर्ट हलवून बघा. लेन्सच्या एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी परत द्या. मूळ बिल आणि बॉडीवरचा सिरियल नंबर जुळतोय ना, ते बघा. आणि त्याआधी शक्य असेल तर हाच कॅमेरा एका तालमीपुरता भाड्याने घ्या. मुंबईत भाड्याने सर्रास मिळतो. एका संध्याकाळीत तुम्हाला कळेल की तुमच्या हाताला तो रुचतो का.

पैशांची वाटणी मी अशी करेन : बॉडी आणि किट लेन्स मिळून ४५ हजारांच्या वर जायचं नाही, न मिळाल्यास थांबायचं. दुसऱ्या लेन्ससाठी १४ हजार, सेकंडहँड. ट्रायपॉड ८, रेकॉर्डर ८, आणि उरलेल्या ५ हजारांत व्ही३० दर्जाची (४के लिहिण्याइतकी वेगवान) दोन ६४ जीबी कार्डं, पॉवर बँक, वायरी. सेकंदाला १०० मेगाबिट या दर्जाच्या चित्रणाला तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे एक कार्ड एका एकांकिकेला पुरतं. घरी आल्यावर दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी केल्याशिवाय कार्ड पुसू नका.

शॉर्ट फिल्मसाठी आत्ता वेगळं काही घेऊ नका. तीच ५० मिमी घरातल्या खोलीत चेहऱ्यांना सुंदर दिसते. फक्त एफ/१.८ला दोन मीटरवर फोकसची खोली जेमतेम अकरा सेंटिमीटर असते, नट जरा पुढे झुकला की डोळे धूसर, एफ/२.८वर राहा. तलावपाळीला किंवा येऊरला दिवसा चित्रण करायचं ठरलं तर १/५० शटरला उजेड फार होतो, तेव्हा उजेड हवा तेवढा अडवणारा व्हेरिएबल एनडी फिल्टर लागेल. ५० मिमी लेन्सला फिल्टर ४९ मिमी व्यासाचा लागतो, किट लेन्सला ४०.५चा, एकच ४९चा घ्या आणि किटवर तो बसवायला स्टेप-अप रिंग.

पावसाळ्याची काळजी मात्र पहिल्या दिवसापासून. आपल्या खाडीकाठच्या हवेत कपाटात बॅगेत ठेवलेली लेन्स एका पावसाळ्यात बुरशी धरू शकते. हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. एसी नाट्यगृहातून बाहेर दमट हवेत आल्यावर कॅमेरा लगेच काढू नका, बॅगेतच थोडा वेळ राहू द्या, नाही तर काचेवर दव धरतं.

चित्रण करण्याआधी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला आणि स्पर्धा असेल तर आयोजकांना विचारा. इंटरनेटवर टाकायचं असेल तर लेखकाची लेखी परवानगी घ्याच. प्रयोगाची परवानगी मिळाली म्हणजे ऑनलाइन दाखवण्याचीही मिळाली, असं होत नाही. पार्श्वसंगीत कुणा दुसऱ्याचं वापरलं असेल तर त्याचाही प्रश्न येतो. कलाकारांनाही आधी सांगा.

राहिले दोघे. मोबाइल पुरे म्हणणाऱ्या मित्राचा मोबाइल पुढच्या रांगेच्या कडेला, एक्स्पोजर आणि फोकस लॉक करून, पूर्ण रंगमंचावर लावून ठेवा. संकलनात कुठे अडलात तर तो दुसरा कोन उपयोगी पडेल. आणि मामेभावाला प्रयोगाच्या दिवशी त्याचा फुल फ्रेम कॅमेरा आणि ७०-२०० लेन्स असेल तर ती घेऊन बोलवा. त्याच्याकडे फक्त क्लोज-अप द्या. दोन्ही कॅमेरे २५ फ्रेमवर, शटर १/५०वर, व्हाइट बॅलन्स त्याच आकड्यावर. आणि रंगीत तालमीलाही त्याला बसवा, म्हणजे कोणत्या वाक्याला कोण वळतं ते त्याला आधीच माहीत असेल.